जुन्या कागदी बाहुल्या मुलीला द्याव्या का? आधी बघा, कपड्यांची चित्रं कोणी काढलीत

न्यू जर्सीतल्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगते. एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, त्यांना जुन्या पेपर डॉल्सचा खोका मिळाला. त्यात मासिकांची जुनी पानं, काही न कापलेले शीट, बऱ्याचशा कापलेल्या बाहुल्या आणि पाकिटांच्या मागच्या बाजूवर कुणीतरी पेन्सिलीने काढलेले कपडे आहेत. मुलगी आठ वर्षांची, तिला खेळायचंय. पण हल्ली ती आरशासमोर उभी राहून "आई, माझं पोट दिसतंय का गं" असं विचारायला लागलीये, त्यामुळे या गोऱ्यापान, बारीक कमरेच्या बाहुल्या बघून अजून काहीतरी डोक्यात बसेल अशी आईला धास्ती. नवरा म्हणतो विकून टाक. आणि ताईंचा प्रश्न असा की या बाहुल्यांनी मुलींना शेवटी नटणंच शिकवलं ना, मग देऊ की नको?

ताई, मी इथे ईस्ट कोस्टवर कागदाच्या कॉन्झर्वेशनचं काम करते, म्हणजे फाटलेला, पिवळा पडलेला, टेप लावलेला कागद सांभाळून टिकवायचा. त्यात लहान मुलांच्या कागदी वस्तू खूप येतात आणि त्यातल्या त्यात पेपर डॉल्स सगळ्यात जास्त, त्यामुळे वर्षानुवर्षं या बाहुल्या भिंगाखाली बघत आलेय. तुमची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण द्यायचं की नाही यापेक्षा, दिल्यावर तिच्या हातात काय राहणार ते महत्त्वाचं असं मला वाटतं. छापलेला कपडा चढवायचा आणि उतरवायचा हा एक खेळ आहे, आणि कपडा स्वतः कागदावर काढून, बेतून, कातरून घालायचा हा दुसरा. दोन्हींची शिकवण पार वेगळी आहे आणि नशिबाने तुमच्या खोक्यात दोन्ही आहेत. बाकी बरंचसं मुलीवर अवलंबून, ती चित्रं काढणारी आहे का, एकटीच खेळते की मैत्रिणींबरोबर, पोटाचा प्रश्न तिला शाळेत कुणी काही बोललं म्हणून पडलाय की नुसतं कुतूहल आहे, हे तुम्हालाच माहीत. मी बाहुल्यांबद्दल सांगू शकते.

जरा मागे जाऊ. १८१० मध्ये लंडनच्या एस. अँड जे. फुलर यांनी 'लिटिल फॅनी' नावाचं पुस्तक काढलं, त्यात गोष्टीबरोबर कापलेल्या, हाताने रंगवलेल्या आकृत्या होत्या. मजा म्हणजे त्यात बाहुलीला अंगच नाही. फक्त डोकं आणि मान, आणि ती मान एकेका पोशाखात खोचायची. गोष्ट अशी की फॅनीला कपड्यांची फार हौस, आईचं ऐकत नाही, मग चांगले कपडे जातात, भीक मागायची वेळ येते, कष्ट करते आणि शेवटी साध्या फ्रॉकमध्ये, हातात पुस्तक घेऊन घरी येते. म्हणजे नटू नकोस हे सांगणारं पुस्तक, आणि ते सांगायला मुलीच्या हातात दिलंय काय तर कपडे बदलायची बाहुली! आता हे बघा की चेहरा तोच राहतो आणि कपड्याबरोबर अंग, उभं राहण्याची ढब, समाजातली जागा सगळंच बदलतं. भिकारणीचा पोशाख खोचला की फॅनी भिकारीण. कपडा म्हणजे तुझी पायरी, ती घसरूही शकते, हा धडा होता. आणि हे खेळणं पैसेवाल्यांच्या घरातलं, त्यामुळे घसरायची भीती त्या मुलींना बरोबर कळत असणार.

पुढे हे उलटं झालं. बाहुलीला अंग आलं, ते कायमचं एकच, आणि कपडे बदलते. तुमच्या खोक्यातल्या बहुतेक सगळ्या अशाच असतील, शेमीजमध्ये किंवा पेटीकोटमध्ये उभ्या. एक बाहुली हातात घ्या आणि ती उभी कशी आहे ते नीट बघा. तोंड समोर, हात अंगापासून किंचित लांब, पाय जुळवलेले, हातात शक्यतो काही नाही. हे चित्रकाराला दुसरं काही येत नव्हतं म्हणून नाही, खांद्यावर आणि कमरेवर टॅब, म्हणजे कपडा अडकवायच्या कडेच्या छोट्या पट्ट्या, दुमडायच्या तर हात अंगाला चिकटून चालत नाही, हातात बॅट किंवा पुस्तक दिलं तर प्रत्येक कपड्याला त्याच्याभोवती भोक पाडायला लागतं. म्हणजे आधी कपडा बसायची सोय बघायची आणि मग शरीर काढायचं. ती बाहुली पळत नाही, वाकत नाही, झाडावर चढत नाही. ती मापाला उभी आहे, कायमची. मला विचाराल तर बारीक कमरेपेक्षा हे उभं राहणंच जास्त शिकवून जातं, कारण कमर दिसते, तिच्याबद्दल मुलीशी बोलता येतं, पण उभं राहणं इतकं साधं दिसतं की कुणाच्या लक्षातच येत नाही.

मासिकांनी यात आपला हात मारून घेतला. गोडीज लेडीज बुक हे अमेरिकेतलं बायकांचं मोठं मासिक, हाताने रंगवलेल्या फॅशन प्लेट्ससाठी, म्हणजे नव्या पोशाखांच्या छापील चित्रांसाठी प्रसिद्ध, त्यांनी नोव्हेंबर १८५९ च्या अंकात कागदी बाहुली आणि तिचे कपडे छापले. आईला फॅशन प्लेट, मुलीला बाहुली, एकाच अंकात. मुलीचं पान मात्र बिनरंगाचं होतं, रंग तिने भरायचे. १९०८ च्या ऑक्टोबरपासून लेडीज होम जर्नलमध्ये शीला यंग यांची लेटी लेन सुरू झाली, ती काही वर्षं चालली. लेटी, तिचं घरदार, पाहुण्या मैत्रिणी, लग्नाच्या पोशाखातली बहीण, असं सगळं गोत दर अंकात पुढे सरकायचं. हा कपडा पार्टीचा, हा बाहेर जायचा, हा लग्नाचा, कुठे काय घालायचं याचं अख्खं वेळापत्रकच. मग १९११ मध्ये मासिकाने लेटीची बाहुली डेझी खरीखुरी, हातात धरता येईल अशी देऊ केली, अट एवढीच की मुलीने वर्गणीदार गोळा करून आणायचे. हे वाचून मला नेहमी वाटतं की नटण्याच्या आधी त्या मुली विकणं शिकल्या असतील.

आपल्याकडच्या भातुकलीशी ताडून बघा, फरक लगेच कळतो. भातुकलीत मुलीच्या हातात चूल, पाटा-वरवंटा, इवलंसं पातेलं, म्हणजे घर चालवायची रंगीत तालीम. बाहुला-बाहुलीच्या लग्नात मानपान, रुखवत, आहेर. पेपर डॉलमध्ये भांडं नाहीच, अख्खा खेळ कपाटाचा आहे. कामाच्या जागी निवड आली, आणि निवडायला आधी पर्याय हवेत, पर्याय कोणीतरी विकायला हवेत. मॅककॉल्स मासिकाची बेट्सी मॅककॉल मे १९५१ मध्ये आली, ती या गोष्टीचा कळस. मॅककॉल ही मुळात जेम्स मॅककॉल या शिंप्याने १८७० मध्ये सुरू केलेली, शिवणाचे कागदी पॅटर्न विकणारी कंपनी. बेट्सी छोटी, गोड, बरोबर नोझी नावाचं कुत्रं, दर महिन्याला नवीन निमित्त आणि नवीन कपडे. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी अमेरिकन बायका बेट्सीचं नाव काढलं की खुलतात, त्यांचं प्रेम खरं आहे आणि मी ते कमी लेखणार नाही, पण पान नीट बघितलं तर गोष्टीचा मजकूर थोडका आणि कपड्यांचं वर्णन भरपूर, हे दिसतंच.

आणि रंगाचं बोलायलाच हवं, कारण तुमची मुलगी सावळी असेल, आपल्या बहुतेक मुली असतात. या छापील जगात कित्येक दशकं काळ्या मुलीला जागा होती ती मोलकरणीची किंवा टिंगलीच्या चित्राची. तुमच्या खोक्यात असं काही निघालं तर लपवू नका पण एकटीच्या हातातही देऊ नका, शेजारी बसून बोला. त्याला उत्तर दिलं जॅकी ऑर्म्स यांनी. पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या काळ्या चित्रकार, १९५० ते १९५४ त्यांची टॉर्ची ब्राऊनची चित्रकथा काळ्या वाचकांच्या वर्तमानपत्रात यायची आणि तिच्याबरोबर 'टॉर्ची टॉग्ज' नावाची कापायची बाहुली. टॉर्ची देखणी, कपडे एकदम झोकदार. आता तुम्ही म्हणाल की मग हीसुद्धा फॅशनच की! हो, फॅशनच. पण जिला कायम ॲप्रनमध्ये दाखवलं तिला सुरेख गाऊनमध्ये, मान वर करून उभं केलेलं बघणं याचा अर्थ त्या घरातल्या मुलीला वेगळा लागतो. म्हणून कपड्याने मुलीचं वाईटच होतं असं मी म्हणत नाही. कोण कुणाला काय घालतंय त्यावर ठरतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, तुमच्या त्या पाकिटांकडे. छापील सेटबरोबर घरी काढलेले कपडे आले की आधी मी तेच बघते. आमच्याकडे आलेला एक झगा सांगते. पाकिटाच्या आतल्या, निळ्या जाळीच्या बाजूवर काढलेला, म्हणजे ती छापलेली जाळीच कापडाचं डिझाइन म्हणून वापरलीये. बाहुली खाली ठेवून खांद्याची रेघ गिरवलीये, तिथे पेन्सिल दाबून आहे आणि कागदावर चर पडलीये. कमर एकदा काढली, खोडली, खाली घेतली, परत खोडली, शेवटी पट्टा काढून ती जागा झाकली. डावीकडची टॅब आधी विसरली असणार, कारण ती वेगळ्या कागदाची, मागून चिकटवलेली आहे. घेराला आधी सरळ रेघ होती, मग बाहेर फाकवून चुण्या दाखवल्यात. सात-आठ वर्षांची मुलगी असेल, तिला मापं, जोड, घेर, कापडाचा पोत, चूक झाकायची कशी, हे सगळं कळायला लागलंय, कुणी शिकवलेलं नाही. हे नटणं नाही हो, हे बेतणं आहे. घरात आई हेच करत असायची, कारण १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक यांनी वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढल्यापासून अमेरिकेत घरोघरी कागदावरून कपडे बेतायला सुरुवात झाली होती. टेबलाच्या वर आईचा कागद, टेबलाखाली मुलीचा.

आणि मुलींना ही मुभा दिली तर त्या काय करतात याचं एक मोठं उदाहरण म्हणजे केटी कीन. बिल वॉगन यांची ही कॉमिक १९४५ मध्ये सुरू झाली, वाचकांनी केटीसाठी कपडे काढून पाठवायचे आणि निवडलेल्या डिझाइनशेजारी पाठवणाऱ्याचं नाव-गाव छापून यायचं. केटी स्वतः सिनेमातली सुंदरी, कमर मुंगीची, त्यात नवीन काही नाही. पण तो झगा माझा आहे असं छापील पानावर बघायला मिळणं, याचं मोल मुलीच्या लेखी काय असेल विचार करा. बाहुलीचं शरीर जुनंच, हक्क मात्र नवा.

अजून एक गोष्ट, जी छापील पानावर दिसत नाही. रूथ हँडलर यांनी आपल्या मुलीला, बार्बराला, कागदी बाहुल्यांशी खेळताना बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ती बाळ-बाळ खेळत नाहीये, त्या बाहुल्यांना मोठ्या बायका करून त्यांचं आयुष्य खेळतेय. त्यातून १९५९ मध्ये बार्बी आली आणि तिचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, पण मला त्या घरातला मूळ खेळ महत्त्वाचा वाटतो. मुली बाहुल्यांना बोलायला लावतात. नोकरीवर पाठवतात, भांडायला लावतात, लग्न मोडतात. चित्रात ती मापाला उभी असली तरी मुलीच्या डोक्यात ती गावभर फिरून येते. म्हणून तुमची मुलगी खेळताना काय बोलते ते कान देऊन ऐका, मध्ये पडू नका. "ही जाडी दिसतेय, हिला नको घालू" असं वारंवार यायला लागलं तर थांबून बोलायची वेळ आली, आणि "हिला उशीर झालाय, ट्रेन गेली" असं चाललं असेल तर निवांत चहा घ्या.

मग करायचं काय, तर माझ्या मते द्या, पण मूळ वस्तू नका देऊ. चांगल्या स्कॅनरवर रंगीत प्रती काढा, जाड कार्डस्टॉकवर प्रिंट करा, मनसोक्त कापू दे. छापील कपडे एक-दोनच द्या, बाकी कोरे कागद, पाकिटं, चॉकलेटचे चकचकीत कागद द्या. एवढ्या एका गोष्टीने खेळ बदलतो हे मी मुलांच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा पुन्हा बघितलंय, छापील कपड्यांची थप्पी दिली की मुली सगळे एकदा घालून बघतात आणि संपलं, कोरा कागद दिला की उठत नाहीत.

दुसरं, अंग तिलाच काढू द्या. तिला स्वतःलाच काढायचं असेल तर काढू दे, आजी काढायची असेल तर आजी, पोट असलेली, चष्मा लावलेली, व्हीलचेअरवर बसलेली, फुटबॉलला लाथ मारणारी. आणि मग तिला आपोआप कळेल की पाय उचललेल्या बाहुलीला झगा बसवायचा तर झगा बदलावा लागतो, पाय नाही. तुम्ही भाषण द्यायची गरजच नाही, कात्री सांगते. पोटाचा प्रश्न यानेच सुटेल असं मी म्हणणार नाही, तो खाण्यावर जायला लागला, डबा परत यायला लागला तर डॉक्टरांशी बोला, तिथे बाहुली पुरत नाही.

तिसरं म्हणजे नऊवारी करून बघा, जमलं तर तिच्या आजीला व्हिडिओ कॉलवर बसवून. टॅबचा कपडा फक्त समोरून असतो, निऱ्या दिसतील, पदर दिसेल, पण काष्टा जाणार कुठे? त्यासाठी टॅबच्या आधीची जुनी पद्धत वापरायची. १९व्या शतकात बरेच कपडे पुढची आणि मागची अशा दोन बाजू काढून खांद्यावर जोडलेले असायचे आणि डोक्यातून घालायचे. कागद मधोमध दुमडा, दुमड खांद्यावर येऊ दे, मानेपुरती चीर द्या, पुढे निऱ्या आणि पदर, मागे काष्टा, डाव्या खांद्यावरून पाठीवर जाणारा पदर पुढच्या बाजूशी जुळतोय का बघा. पदर जुळवताना मुलीला साडी अंगाभोवती फिरते कशी हे जितकं कळतं तितकं फोटो बघून कळत नाही. आणि त्या नऊवारीत बाई शेतात वाकते, घोड्यावरसुद्धा बसते हे आजी सांगेलच.

मूळ वस्तूंचं थोडं तांत्रिक सांगते. न कापलेले शीट कापू नका, संग्राहक आणि म्युझियम दोघांनाही ते हवे असतात, विकायचेच असतील तर तेच विका. कापलेल्या बाहुल्यांमध्ये मान बघा, तिथेच आधी मोडतात आणि तिथेच टेप असते. ती टेप ओढून काढू नका, नख लावून तर मुळीच नाही, वरचा छापील थर तिच्याबरोबर निघून येतो, गरज पडली तर कॉन्झर्वेटरला दाखवा. आणि टेप हा पुरावाही आहे. पारदर्शक स्कॉच टेप बाजारात आली १९३० मध्ये, त्यामुळे १९०८-१० च्या लेटी लेनच्या मानेला टेप दिसली तर पहिली मुलगी मोठी झाल्यावर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी, कदाचित तिच्याच मुलीने, ती परत खेळायला काढली असं समजायला वाव आहे. कुठले कपडे आवडते होते तेही कळतं, ज्याच्या खांद्याच्या टॅबा दुमडून दुमडून मऊ पडल्यात किंवा गेल्यात तो लाडका, आणि ज्या कपड्याच्या टॅबा करकरीत आहेत तो छापणाऱ्याला कितीही सुंदर वाटला असला तरी मुलीने घातला नाही.

१९व्या शतकातली हाताने रंगवलेली बाहुली असेल आणि त्यात झगझगीत पाचूसारखा हिरवा असेल तर ती मुलीला अजिबात हाताळू देऊ नका, त्या काळच्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असायचं. डेलावेअरच्या विंटरथूर म्युझियमने जुन्या पुस्तकांच्या हिरव्या कापडी बांधणीवर याच कारणासाठी मोठं काम केलंय. तुम्हीही हातमोजे घालून तो तुकडा वेगळ्या पाकिटात ठेवा. बाकी सगळं ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या कागदाच्या फोल्डरमध्ये, मध्ये ॲसिड-फ्री टिश्यू, प्लास्टिक वापरायचंच तर पॉलिएस्टरचं, पीव्हीसीचं नको. बेसमेंट आणि अॅटिक दोन्ही नको, बेडरूमच्या कपाटातला मधला कप्पा उत्तम.

विकायचं ठरलंच तर एक विनंती आहे. घेणारे छापील सेट वेगळा काढून मागतात आणि पाकिटांवरचे कपडे "हे कचऱ्यात टाका" म्हणतात. ते वेगळे करू नका. ज्या बाहुलीवर बेतलेत त्या बाहुलीबरोबरच एका फोल्डरमध्ये ठेवा, पाकिटावर पोस्टाचा शिक्का किंवा तारीख दिसत असेल तर ती बाजू झाकू नका आणि टॅब कुठे बसते याचा एक फोटो आधी काढून ठेवा. बाजारात त्यांना फारसा भाव येणार नाही, पण लहान मुलांच्या वस्तू जपणाऱ्या म्युझियमला, उदाहरणार्थ रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियमला, देण्याआधी ईमेल करून विचारा. पाठवताना लिहा की घरी काढलेले कपडेही आहेत, आणि ते मेलच्या पहिल्या ओळीतच लिहा.